तिसरी भिंत नीट बघा: नेदरलँड्समध्ये कोपऱ्याचं जुनं घर घेताना

रांगेतल्या घराला दोनच बाजू उघड्या असतात, पुढची आणि मागची. रांगेच्या टोकाच्या घराला तिसरी मिळते, आणि जास्तीचे पैसे तुम्ही त्या तिसऱ्या बाजूचेच मोजता. फुन्डा या घरविक्रीच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीत ‘हूकवोनिंग’, म्हणजे कोपऱ्याचं घर, असं लिहिलेलं दिसलं की बाजूच्या खिडकीतला उजेड, एल आकाराची बाग, सायकली थेट मागे न्यायची सोय आणि एकच सख्खा शेजारी हे सगळं डोळ्यांपुढे येतं. ते खरंही असतं. पण हिवाळ्यात ऊब त्याच बाजूने निसटते, पावसाचा मारा तिथेच बसतो आणि हद्दीची भांडणंही तिथेच होतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम पैसे टाकले की बदलतात. पाया, बाजूची भिंत आणि जमिनीची हद्द बदलणं एक तर फार महाग पडतं किंवा तुमच्या हातात नसतं. म्हणून घर बघायला गेलात की आधी बाहेरून फेरी मारा, आतलं फरशीकाम मागाहून बघा.

आधी बांधकामाचं साल

जाहिरातीतल्या बांधकामाच्या सालावरून निम्मा अंदाज येतो. १९३० च्या दशकातली घरं देखणी असतात: पुढे आलेली बहुकोनी खिडकी, म्हणजे एर्कर, रंगीत काचा, रुंद वळचण. बहुतेकांच्या भिंती दुहेरी असतात, मधली पोकळी ४ ते ६ सेंटिमीटरची आणि बांधताना रिकामी सोडलेली. मजल्याच्या लाकडी तुळया बऱ्याचदा शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीत घुसवलेल्या असतात. त्यामुळे त्या बाजूची पावलं आणि टीव्ही ऐकू येतो. कोपऱ्याच्या घराला हा ताप एकाच बाजूने, एवढाच दिलासा.

१९५० आणि ६० च्या दशकांतली घरं साधी, सरळ आणि उजेडाची असतात. पुढून मागपर्यंत एकच लांब बैठकीची खोली. १९६५ ते साधारण १९८० मधल्या घरांत तळमजल्याची जमीन काँक्रीटची असेल तर एक प्रश्न विचाराच: ही क्वाईताल किंवा मान्ता बनावटीची आहे का? या तयार फरश्यांच्या काँक्रीटमध्ये लवकर घट्ट व्हावं म्हणून क्लोराइड मिसळलेलं असे. त्याने आतली सळई गंजते, फुगते आणि खालच्या बाजूने काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. हे वरून कधीच दिसत नाही. जमिनीखालच्या सरपटण्याजोग्या पोकळीत, क्राउपराउम्तमध्ये, टॉर्च घेऊन उतरल्यावरच कळतं.

साधारण १९७५ च्या आधीच्या कुठल्याही घराची भिंतीतली पोकळी मुळात रिकामी होती असंच धरून चाला. पुढे कुणी भरली असेल तर त्याची पावती मागा.

पाया

देशाच्या पश्चिमेला, म्हणजे ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, गौडा, झानस्टॅड, डॉर्ड्रेख्त या पट्ट्यात, माती पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती, किंवा चिकणमातीची आहे. तिथली बरीच जुनी घरं लाकडी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर, उभी आहेत. हे लाकूड भूजलात बुडून राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पाणी खाली गेलं आणि पाइलचं डोकं उघडं पडलं की हवा लागून बुरशी धरते. पाण्याखाली असतानाही काही लाकडाला जिवाणू पोखरतात, ते वेगळंच. काही घरांना पाइल नसतातच. पाया थेट मातीवर उथळ टेकवलेला असतो. वाळूच्या जमिनीवर, उदाहरणार्थ आइंडहोवन किंवा आपेलडोर्नकडे, याने काही बिघडत नाही. चिकणमातीवर मात्र २०१८ सारख्या कोरड्या उन्हाळ्यात माती आक्रसते आणि घर बसतं. कोपऱ्याच्या घराशेजारी फुटपाथवर नगरपालिकेचं मोठं झाड असेल तर ते त्याच कोपऱ्याखालचं पाणी ओढून घेतं.

तपासायचं कसं? रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि अख्ख्या रांगेच्या विटांचा एकच थर नजरेने शेवटपर्यंत नेत जा. विटांमधली आडवी सांध्याची रेघ टोकाशी खाली कललेली दिसली तर टोकाचं घर बाकीच्यांपेक्षा जास्त बसलंय. मग तडे बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा, वर रुंद आणि खाली बारीक होणारा तडा हा घर कलल्याचा असतो. केसासारखा उभा तडा बहुतेकदा निरुपद्रवी. नव्याने भरलेले सांधे जुन्यांच्या शेजारी वेगळ्या रंगाचे दिसतात. तिथे का भरले, ते विचारा. आत गेल्यावर दारं बघा. वरच्या बाजूने तिरपं तासलेलं दार म्हणजे चौकट वाकडी झाली आणि कुणीतरी रंधा मारून वेळ मारून नेली.

कोपऱ्याच्या घरांत एक खास दुखणं आढळतं. बाजूला मागाहून जोडलेलं गॅरेज किंवा वाढवलेली खोली उथळ पायावर असते आणि मूळ घर पाइलवर. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने बसतात आणि जोडावर उभी फट पडते. एर्करचंही कधीकधी तसंच. ही फट म्हणजे घर धोक्यात असं नाही, पण त्या जोडातून पाणी आत येतं आणि सिलिकॉन भरून ते कायमचं थांबत नाही.

नगरपालिकेच्या बांधकाम अभिलेखागारात मूळ नकाशे मिळतात, त्यावर पायाचा प्रकार असतो. २०२४ पासून कर्जासाठीच्या मूल्यांकन अहवालातही पायाच्या धोक्याचा उल्लेख येतो. मात्र तो परिसराच्या माहितीवर बेतलेला असतो, तुमच्या घराखाली कुणी उतरून पाहिलेलं नसतं. पाया नव्याने घालायचा खर्च सहज १ लाख युरोच्या घरात जातो. शिवाय सामाईक भिंतीखालचे पाइल शेजाऱ्याचेही असल्याने बऱ्याचदा एकट्याला काम करताच येत नाही. शेजारी तयार आहे का, रांगेतल्या कुणी आधी केलंय का, हे बोली लावण्याआधी दार वाजवून विचारावं. डच माणूस याला आगाऊपणा समजत नाही.

बाजूची भिंत

९ मीटर खोल आणि पन्हळीपर्यंत साडेपाच मीटर उंच घर धरा. बाजूची भिंत ४९ चौरस मीटरच्या वर भरते. वर छपराचा साडेतीन मीटर उंचीचा त्रिकोण, तो आणखी १५ च्या वर. एकूण सुमारे ६५ चौरस मीटर. हेच घर साडेपाच मीटर रुंद असेल तर पुढची आणि मागची भिंत मिळून, खिडक्यांसकट, साधारण ६० चौरस मीटर होतात. म्हणजे कोपऱ्याचं घर घेताना बाहेरच्या भिंती दुपटीहून जास्त होतात. पोकळी रिकामी असेल, बाहेर ० अंश आणि आत २० अंश असेल, तर या एका भिंतीतून सुमारे अडीच किलोवॅट ऊब सतत बाहेर जाते. पोकळी नीट भरली की तोच आकडा पाऊण किलोवॅटच्या आसपास येतो. जाहिरातीतलं एनर्जी लेबल ई आहे की सी, यातला बराचसा फरक इथेच असतो.

भिंत एकेरी आहे की दुहेरी, हे विटांच्या रचनेवरून ओळखता येतं. सगळ्या विटा लांबीच्या बाजूने दिसत असतील तर बहुधा दुहेरी. प्रत्येक थरात किंवा एकाआड एक थरात विटांची तोंडं, म्हणजे आखूड बाजू, दिसत असतील तर साधारण २२ सेंटिमीटरची भरीव एकेरी भिंत असण्याची शक्यता जास्त. पण नुसत्या विटांवर विसंबू नका. काही गवंडी दिसायला छान म्हणून अर्ध्या विटांची तोंडं लावत. बाजूच्या खिडकीत टेप धरून जाडी मोजा: २६ ते ३० सेंटिमीटर भरली तर पोकळी आहे.

मग ती भिंत कुठल्या दिशेला आहे ते मोबाइलच्या होकायंत्रावर बघा. नेदरलँड्समधला वाऱ्याबरोबरचा पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. नैर्ऋत्येची बाजूची भिंत आयुष्यभर ओली होत राहते. तिथे विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांतला मसाला, किल्लीने हलकेच खरवडून बघा. चुरा पडला, किंवा किल्ली सेंटिमीटरभर आत गेली, तर अख्ख्या भिंतीच्या दर्जा काढून नव्याने भराव्या लागतील. ते परांची उभारून करायचं काम आहे आणि त्याचा खर्च काही हजार युरो. भिंतीला रंग दिलेला असेल तर जरा जास्तच संशय घ्या. ओल येते म्हणून लावलेला रंग आतली ओल आतच कोंडतो आणि थंडीत विटांचे पापुद्रे उडतात.

कामाचा क्रम चुकला की इथे हमखास पैसे वाया जातात. पोकळी मुळात पावसाचं पाणी बाहेरच्या विटेतच अडावं म्हणून सोडलेली असते. दर्जा फुटक्या असताना पोकळी भरली तर ते पाणी आतल्या भिंतीवर पोचायला वाट मिळते. खोलीत वॉलपेपरवर पिवळे डाग येतात आणि दोष भरणाऱ्याला दिला जातो. आधी पन्हळ, मग दर्जा, मग भिंतीला सुकायला एक उन्हाळा, आणि त्यानंतर पोकळी. भरण्याआधी दर्जामध्ये १० ते १२ मिलिमीटरचं भोक पाडून एंडोस्कोपने आत बघायला लावा. बांधताना पडलेला मसाला पोकळीत साठलेला असतो, कधी दोन भिंतींना जोडणाऱ्या तारा गंजून तुटलेल्या असतात. तारा तुटल्या असतील तर बाहेरची वीट नुसती उभी आहे. ते आधी दुरुस्त करायचं. पोकळी ४ सेंटिमीटरहून कमी असेल तर भरण्याचा आग्रह धरू नका. पोकळीत वटवाघळं राहत असतील तर ती कायद्याने संरक्षित आहेत. काम करण्याआधी त्याची तपासणी करणं बंधनकारक आहे, आणि यामुळे काम महिनोन्‌महिने पुढे जाऊ शकतं.

दुहेरी भिंती असलेल्या कोपऱ्याच्या घराची पोकळी भरायला दोन-तीन हजार युरोंच्या आसपास लागतात. तीच भिंत भरीव निघाली तर आतून ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर लावावा लागतो. त्यात खोली लहान होते, आणि जिना त्याच भिंतीला असेल तर जिन्याची रुंदीही जाते. एकेरी भिंतीचं घर दुहेरीच्या भावात मागत असतील तर हा हिशेब दलालासमोर मांडा.

भिंत संपते तिथे वर बघायला विसरू नका. छपराच्या उतरत्या कडेची लाकडी पट्टी कुजलेली असते, तिच्यामागे चिमण्यांची घरटी असतात. बऱ्याच रांगांत पन्हळ सलग असते आणि पाणी खाली आणणारा पाइप नेमका टोकाच्या घरावर असतो. म्हणजे तीन-चार घरांच्या छपराचं पाणी तुमच्या कोपऱ्यावर उतरतं. त्या पाइपखालची माती खचलीय का आणि भिंतीचा खालचा भाग हिरवट झालाय का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. जस्ताची पन्हळ २५-३० वर्षं टिकते. कधी बदलली, ते विचारा.

जमीन: कुंपण खरं बोलेलच असं नाही

आपल्याकडे प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी जशी, तसं इथे काडास्टर. थोडे युरो भरून नकाशा आणि मालकीचा उतारा ऑनलाइन मिळतो. कोपऱ्याच्या घरासाठी तो घेतल्याशिवाय बोली लावू नये, कारण शेजारच्या फुटपाथलगतची हिरवी पट्टी कुणीतरी कधीतरी बागेत ओढून घेतलेली असते. डच नगरपालिका या पट्ट्यांना स्निपरख्रून म्हणतात आणि अनेक ठिकाणी त्या मोजून, पत्रं पाठवून परत मागतात किंवा विकत देतात. ‘आम्ही वीस वर्षं वापरतोय’ हे वहिवाटीचं उत्तर कायद्यात आहे, पण ते सिद्ध करावं लागतं. शिवाय दुसऱ्याची आहे हे माहीत असताना बळकावलेली जमीन वहिवाटीने मिळाली, तरी मूळ मालक भरपाई म्हणून तीच जमीन परत मागू शकतो, असा निकाल डच सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. म्हणून कुंपणाच्या आतले चौरस मीटर आणि उताऱ्यावरचे चौरस मीटर ताडून बघा. २५० लिहिलंय आणि टेपने २७५ भरलं तर ते २५ तुमचे नाहीत असं समजून भाव लावा.

नकाशावरची रेघही अगदी सेंटिमीटरची नसते. नवं कुंपण किंवा बांधकाम करायचं असेल तर काडास्टरच्या मोजणीदाराला बोलावून हद्द खुंट्यांनी दाखवून घ्या.

उताऱ्यात आणि जुन्या खरेदीखतात आणखी दोन गोष्टी शोधा. पहिली, वाटेचा हक्क, रेख्त फान ओव्हरपात. मधल्या घरांच्या सायकली आणि कचऱ्याचे चाकांचे डबे मागच्या बोळातून निघतात आणि ती बोळ पुष्कळदा टोकाच्या घराच्या जमिनीवरून जाते. हक्क नोंदलेला असेल तर तिथे फाटक लावता येतं, पण कुलूप घालून किल्ली न देणं चालत नाही. त्या जागेवर शेड तर नाहीच. दुसरी, एर्फपाख्त: जमीन नगरपालिकेची, तुम्ही भाडेपट्टेदार. ॲमस्टरडॅममध्ये हे सर्रास. भाडं कुठल्या सालापर्यंत भरून टाकलंय, पुढचा आकडा कसा ठरेल, हे वाचल्याशिवाय दोन घरांच्या किमतींची तुलनाच करू नका.

बाजूच्या जागेत खोली वाढवू, असा बेत पुष्कळांचा असतो. मागच्या बागेत बऱ्याच मर्यादेपर्यंत परवान्याविना बांधता येतं. पण घर आणि रस्ता यांच्यामधली बाजूची पट्टी सहसा त्या सवलतीत बसत नाही, तिला परवाना लागतो आणि नगरपालिका नाही म्हणू शकते. कुंपणाचंही तसंच. घराच्या पुढच्या रेषेपुढे १ मीटर, मागे २ मीटर ही सर्वसाधारण उंची. पण बाजूला सार्वजनिक रस्ता असेल तर २ मीटरच्या कुंपणासाठी बऱ्याच ठिकाणी हद्दीपासून १ मीटर आत सरकावं लागतं किंवा परवाना घ्यावा लागतो. ८ मीटर लांबीच्या बाजूवर १ मीटर आत म्हणजे ८ चौरस मीटर बाग गेली. २०२४ पासून नवा कायदा लागू झाल्यावर नगरपालिकांना आपापले नियम करायची मोकळीक मिळाली आहे. म्हणून पत्ता टाकून ओमखेव्हिंग्सलोकेट या सरकारी पोर्टलवर बघा. पूर्वीच्या मालकाने कुंपण घातलंय म्हणजे ते मंजूरच आहे असं नाही.

मोठ्या बागेत पुरलेली तेलाची टाकीही सापडते. ग्रोनिंगेनचा गॅस १९५९ साली सापडला. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं कित्येक घरं तेलावर तापवली जात. टाकी काढल्याचा किंवा साफ करून भरल्याचा दाखला मागा. मातीच्या प्रदूषणाची माहिती बोडमलोकेटवर मिळते.

वस्ती शांत आहे हे कधी बघायचं

घर बघायची वेळ दलाल ठरवतो, बहुतेकदा सकाळी ११ ते दुपारी ४. तेव्हा सगळ्याच वस्त्या शांत असतात. कामाच्या दिवशी सकाळी सव्वाआठला या, जवळ शाळा असेल तर कोपऱ्यावर गाड्यांची रांग दिसेल. संध्याकाळी सातनंतर पार्किंग बघा. अंधारात उभं राहून वळणाऱ्या गाड्यांचे दिवे कुठल्या खोलीत पडतात ते बघा. ॲमस्टेलवेन आणि आल्समेर भागात, जिथे आपली पुष्कळ कुटुंबं घरं शोधतात, विमानांचा आवाज वाऱ्याच्या दिशेवर आणि वापरात असलेल्या धावपट्टीवर अवलंबून असतो. एका भेटीत काहीच ऐकू आलं नाही, यावर जाऊ नका.

बिनखिडकीची बाजूची भिंत ही नगरपालिकेची आवडती जागा. जमिनीखालचे कचऱ्याचे डबे, विजेची पेटी, इंटरनेटचं कपाट तिथेच येतं. मुलांचा फुटबॉलही तिथेच. डब्यांच्या नियोजित जागा नगरपालिकेच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होतात.

आतलं, भराभर

पुढच्या दाराशी पायपुसण्याखाली क्राउपलाउक, म्हणजे खालच्या पोकळीचं झाकण असतं. उघडायला सांगाच. तळाशी पाणी, तुळयांच्या टोकांना मऊपणा, सांडपाण्याच्या पाइपाचा वास या तीन गोष्टी तिथे कळतात. जुने तपकिरी भाजक्या मातीचे पाइप भिंतीतून बाहेर पडतात तिथे माती बसून तुटतात. १९६० च्या आधीच्या घरात पाण्याची नळी राखाडी आणि मऊ असेल, चाकूने चमकदार ओरखडा उठत असेल, तर ती शिशाची. लहान मूल असेल तर राहायला जाण्याआधी बदला. १ जुलै १९९३ च्या आधीच्या घरात ॲस्बेस्टॉस असू शकतं: शेडचे नालीदार पत्रे, धुराचे पाइप, जुन्या व्हिनाइलचा मागचा थर. विजेच्या पेटीत एकच फेज असेल तर इंडक्शन शेगडी, हीट पंप आणि गाडीचा चार्जर यांसाठी तीन फेज लागेल. तो बदल वीजजाळ्याची कंपनी करते आणि वाट बघावी लागते. छपरावर सोलर असेल तर खूश होऊन भाव वाढवू नका. दिलेली वीज घेतलेल्या विजेतून पूर्ण वजा करायची सवलत १ जानेवारी २०२७ ला संपते.

पैसे

जुन्या घराची किंमत ‘कोस्टन कोपर’ असते, म्हणजे वरचा खर्च घेणाऱ्याचा. कर्ज घराच्या मूल्याच्या १०० टक्क्यांपर्यंतच मिळतं, ऊर्जाबचतीच्या कामांसह १०६ पर्यंत. म्हणून हा वरचा खर्च खिशातूनच जातो. २०२६ मध्ये साडेचार लाख युरोच्या घराचा हिशेब असा: हस्तांतरण कर २ टक्के, ९,००० युरो. नोटारी, म्हणजे खरेदीखत करून देणारा अधिकारी, दीड-दोन हजार. मूल्यांकन सुमारे ७००, बांधकाम तपासणी ५००. कर्ज सल्लागार ३,००० च्या आसपास, तुमच्या बाजूचा दलाल साडेचार हजार. एनएचजी या राष्ट्रीय कर्जहमीचा हप्ता ०.४ टक्के, १,८००. एकूण २१-२२ हजार. १८ ते ३४ वयाच्या, स्वतः राहणाऱ्या खरेदीदाराला ५,५५,००० युरोपर्यंतच्या घरावर हस्तांतरण कर एकदाच माफ आहे. जोडप्यात एकाचं वय बसत असेल आणि दुसऱ्याचं नसेल, तर दुसऱ्याने आपल्या हिश्श्यावर २ टक्के भरायचे. एनएचजी ४,७०,००० पर्यंतच मिळते, ऊर्जाबचतीची कामं धरली तर ४,९८,२०० पर्यंत.

मूल्यांकन साडेचार लाखांचं आलं आणि बोली ४,७०,००० ची गेली, तर मधले २०,००० ही तुमच्याच बचतीतले. इथेच लोक अडकतात.

भारतातून पैसे आणणार असाल तर बोलीच्या तीन महिने आधीच सुरुवात करा. एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या खात्यातली रक्कम विनासायास येते. एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, पण आयकराचं घोषणापत्र आणि सीएचा दाखला जोडून. आईवडील पाठवत असतील तर प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. डच बँक आणि नोटारी दोघेही पैशाचा उगम विचारतात. एफडी मोडल्याची पावती, फ्लॅट विकल्याचं खरेदीखत, सगळं इंग्रजीत तयार ठेवा.

बोली आणि करार

जाहिरातीतली किंमत म्हणजे वाटाघाटीचं आमंत्रण. तेवढी दिली की घर तुमचं, असं नाही. जाहिरात करणारा माकेलार, म्हणजे दलाल, विकणाऱ्याचा असतो, कितीही गोड बोलला तरी. बोलीत आकड्याबरोबर अटी लिहा: कर्ज मिळालं नाही तर करार रद्द, आणि तपासणीत अमुक युरोंपेक्षा जास्त तातडीची दुरुस्ती निघाली तर रद्द. स्पर्धेत पुढे जायचं म्हणून लोक या अटी काढतात. तपासणीची अट काढायचीच असेल तर बोलीआधी तपासनीस घेऊन जा, पाचशे युरो बुडाले तरी चालतील. कर्जाची अट काढणं म्हणजे कर्ज न मिळाल्यास १० टक्के दंड, आपल्या उदाहरणात ४५,००० युरो.

करार म्हणजे इथलं साठेखत. त्यातलं आउदरडोम्सक्लाउसूल हे कलम दोनदा वाचा. घर जुनं आहे, तेव्हा नव्या घरासारख्या अपेक्षा ठेवणार नाही, असं तुम्ही त्यात कबूल करता. पुढे पाया किंवा पाइपांवरून तक्रार करणं त्यामुळे अवघड होतं. विकणाऱ्याने माहीत असलेले दोष सांगायचे आणि घेणाऱ्याने शोधायचे, असा कायद्याचा तोल आहे. या कलमाने तो घेणाऱ्याकडे आणखी झुकतो. म्हणून विक्रेत्याने भरून दिलेल्या प्रश्नावलीतलं प्रत्येक ‘माहीत नाही’ अधोरेखित करा आणि ईमेलवर पुन्हा विचारा. तोंडी उत्तराचा उपयोग नाही.

सही झालेल्या कराराची प्रत हातात आली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचार करायला मिळतात. त्यात किमान दोन कामाचे दिवस यावे लागतात. गुरुवारी प्रत मिळाली तर शुक्रवारपासून मोजणी सुरू होते, पण शनिवार-रविवार कामाचे नाहीत, म्हणून मुदत सोमवारी मध्यरात्रीपर्यंत. या काळात कारण न देता मागे फिरता येतं. त्यानंतर १० टक्के इसार किंवा तेवढी बँक हमी द्यावी लागते.

डच पुरेसं येत नसेल तर खरेदीखताच्या वेळी दुभाषा लागतो. नोटारीला पहिल्याच ईमेलमध्ये सांगा.

सहीच्या दिवशी, नोटारीकडे जाण्याआधी, रिकाम्या घराची शेवटची फेरी असते. वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा. सामानाच्या यादीत जे राहणार होतं ते आहे का बघा. बॉयलर भाड्याचा असेल तर त्याचा करार घ्या. कपाटं हलल्यामुळे बाजूच्या भिंतीचा आतला भाग आता पहिल्यांदाच उघडा दिसतो. तळाच्या कोपऱ्यांवरून हात फिरवा. ओल लागली तर सहीनंतर नाही, तिथल्या तिथे दलालाकडून लिहून घ्या. मागच्या बोळाच्या फाटकाची किल्लीही मागून घ्या, ती हमखास राहते.